वाचन सोडू, गट सोडू, की नोकरी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३६ वर्षांची आहे, पूर्ण वेळ नोकरी करते. दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. आठ जणांच्या एका लेखनगटात दर आठवड्याला जाते. तिथे प्रत्येक जण आपलं लिखाण वाचून दाखवतो, मग चर्चा होते. याखेरीज काव्यवाचनं, पुस्तक प्रकाशनं, चित्रकार आणि नाटकवाल्या मित्रांच्या बैठका असतातच. रोज ५० पानं वाचायची असा नेम केलाय. कादंबरी मात्र १८,००० शब्दांवर अडकली आहे. पहिली तीन प्रकरणं, म्हणजे साधारण ९,००० शब्द, गटातल्या सूचनांनुसार सहा वेळा पुन्हा लिहिली, तरी दर वेळी कुणीतरी नवीन खोट काढतंच. शिवाय जे वाचते त्या लेखकाचा सूर माझ्या लिखाणात उतरतो अशी भीती वाटते. गटातल्या एका मैत्रिणीचं पुस्तक नुकतंच आलं आणि मी ते अजून उघडलेलंही नाही. आता वाटतं, वर्षभर बिनपगारी रजा घ्यावी, गट सोडावा, वाचन बंद करावं आणि फक्त लिहावं. की मुळात माझ्यात लेखिका होण्याची कुवतच नाही?

उत्तर:

तुमच्या पत्रात एक गुणाकार दडलाय, तो आधी करू. ९,००० शब्द सहा वेळा पुन्हा लिहिले, म्हणजे ५४,००० झाले. मूळचे १८,००० त्यात मिळवले तर नोकरी सांभाळून दोन वर्षांत तुम्ही ७२,००० शब्द लिहिलेत. मध्यम आकाराची कादंबरी ६०,००० शब्दांची धरली तर ती पुरी होऊन वर उरले असते. प्रत्येक फेरीत सगळेच शब्द बदलले नसतील, हे मान्य. निम्मे धरा, तरी ४५,००० होतात.

तेव्हा कुवतीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, आणि वेळेचाही. तुम्ही भरपूर लिहिता, पण ते एकाच जागी फिरत राहिलंय. वाचन, लेखन आणि माणसं यांपैकी कशाचं तरी प्रमाण जास्त झालंय असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, बिघाड त्यांच्या क्रमात आहे. माणसं तुमच्या लिखाणात फार लवकर शिरताहेत आणि वाचन चुकीच्या वेळी होतंय. क्रम बदलला की तिन्हींपैकी काहीच सोडावं लागणार नाही.

रजेचा विचार आधी संपवू, कारण त्यात तुमचा पगार गुंतलाय. ६०,००० धरले तर तुमचे ४२,००० शब्द लिहायचे राहिलेत. एका बैठकीत ३०० शब्द धरले तर १४० बैठका लागतील. आठवड्याला पाच बैठका म्हणजे २८ आठवडे, साडेसहा महिने. ३०० शब्दांना बहुतेकांना पाऊण तास ते एक तास पुरतो. पहिला खर्डा अशा छोट्या, रोजच्या तुकड्यांत चांगला होतो, कारण दोन बैठकांच्या मधल्या काळात मन पुढचा प्रसंग जुळवत असतं. सलग वेळ लागतो तो नंतर, पूर्ण खर्डा हातात आल्यावर. तेव्हा अख्खी कादंबरी एकाच वेळी डोक्यात धरावी लागते, कुठलं प्रकरण कुठे सरकवायचं हे ठरवायचं असतं, आणि ते पाऊण पाऊण तासात होत नाही. म्हणून रजा घ्यायचीच असेल तर ती तेव्हासाठी राखून ठेवा, आणि तीही दोन-तीन आठवड्यांची. अडकलेल्या खर्ड्यासाठी वर्षभराची रजा घेतली तर पहिले दोन महिने अपराधी वाटण्यातच जातात, आणि 'आता तरी लिहिलंच पाहिजे' हा भार प्रत्येक वाक्यावर बसतो.

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात जाई, मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या वेगाने लिहिणं चाले. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा नोकरीत असतानाच्या. त्याचा वेग गाठायच्या भानगडीत पडू नका. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की बसायची वेळ, सुरुवातीचं काम आणि थांबायची खूण या तिन्ही गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. रोज सकाळी त्या नव्याने ठरवण्यात त्याची शक्ती जात नव्हती.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पहिली तीन प्रकरणं सहा वेळा का लिहावी लागली?

अर्धवट कादंबरीची सुरुवात ऐकणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नसतं. तो समोर आलेल्या तुकड्यालाच पूर्ण समजून प्रश्न विचारतो: हिचे वडील कुठे आहेत? हिने ते घर का सोडलं? कदाचित ही उत्तरं तुम्ही सातव्या प्रकरणासाठी राखून ठेवली असतील. पण प्रश्न आला की आपण घाबरतो आणि उत्तर पहिल्याच प्रकरणात घालतो. पुढच्या आठवड्यात दुसरा जण म्हणतो, सुरुवात फार संथ आहे, पूर्वेतिहास फार आहे. बरोबरच आहे, तो गेल्या आठवड्यात घातलेला असतो. मग आपण तो काढतो, तेव्हा तिसऱ्याला नायिका कळत नाही. यात कुणीच चुकीचं बोलत नाही. अपुऱ्या गोष्टीची दुरुस्ती करायला माप नसतं, एवढंच. पहिलं प्रकरण कसं हवं हे शेवटचं प्रकरण ठरवतं, आणि ते अजून लिहून झालेलं नाही. पूर्ण खर्डा झाल्यावर पहिलं प्रकरण सरसकट उडवावं लागतं किंवा दुसऱ्याच प्रसंगापासून सुरू करावं लागतं, असं अनेकदा होतं. आज त्यावर घातलेला रंधा तेव्हा वाया जातो.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. दर आठवड्याला लिखाण वाचून दाखवलं की दाद मिळते, निदान लक्ष तरी मिळतं, आणि त्यातून काम पुढे सरकल्याचं समाधान होतं. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की स्वतःच्या ओळखीशी जोडलेला संकल्प, म्हणजे 'मला अमुक व्हायचंय' अशा जातीचा, दुसऱ्यांनी ऐकून घेतला की माणसं त्यासाठी कमी मेहनत घेतात. ते प्रयोग लेखकांवर नव्हते, तरी लेखनगटात वावरलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. कादंबरीचा पुढचा भाग तुम्ही कुणाला तोंडी सांगितलाय का, आठवून बघा. सांगताना जो प्रसंग रंगला तो नंतर कागदावर उतरवताना शिळा वाटला असेल, तर तुमच्या बाबतीत हेच घडतंय. यापुढे कुणी विचारलं तर 'चालू आहे, पूर्ण झाली की दाखवते' इतकंच सांगा. कथानक सांगू नका.

म्हणून पहिलं पाऊल: पूर्ण खर्डा होईपर्यंत पहिली तीन प्रकरणं बंद. फाइल असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, कागद असतील तर पाकिटात घाला. आजची आवृत्ती वाईट असली तरी चालेल. एक पातळ वही करा आणि तिच्यावर लिहा, 'दुसऱ्या खर्ड्यासाठी'. लिहिता लिहिता लक्षात आलं की नायिकेचा भाऊ असायलाच नको, तर मागे जाऊन त्याला खोडू नका. वहीत नोंद करा, 'प्रकरण १ ते ४: भाऊ काढणे, त्याची वाक्यं मावशीला देणे', आणि पुढच्या वाक्यापासून भाऊ कधी नव्हताच असं समजून लिहीत राहा. पहिला खर्डा असा विसंगत असणारच. ती विसंगती लिहीत असताना सहन होत नाही, म्हणून माणसं मागे फिरतात आणि तिथेच राहतात.

१८,००० शब्दांवर अडकणं ही फक्त तुमची गोष्ट नाही. कादंबऱ्या साधारण एक तृतीयांश लिहून झाल्याच्या सुमाराला अडकतात, कारण तिथे मांडणी संपते. पात्रं ओळखीची झालेली असतात, जागा दाखवून झालेली असते, आणि आता कुणीतरी असं काहीतरी करायला हवं जे परत फिरवता येणार नाही. बऱ्याचदा नायिकेच्या बाबतीत गोष्टी फक्त घडत असतात. ती स्वतः काही ठरवत नाही. एका बैठकीत लिखाण बाजूला ठेवून हे करा: वीस कोरी कार्डं घ्या आणि पुढे घडू शकतील असे वीस प्रसंग लिहा, एका कार्डावर एकच वाक्य. वाक्यात 'कुणाला काय हवंय' आणि 'प्रसंगाच्या शेवटी काय बदललं' या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली सात-आठ कार्डं ठरावीक निघतील. कामाची कार्डं साधारण बाराव्याच्या पुढे येतात, म्हणून वीसच्या आत थांबू नका. ज्या कार्डांवर 'काय बदललं' याला उत्तर नाही ती काढून टाका. उरलेल्यांतला जो प्रसंग डोळ्यांसमोर सर्वांत स्पष्ट दिसतो तो आधी लिहा, कथानकात तो कुठेही येत असला तरी. मधल्या रिकाम्या जागी चौकटी कंस करून 'इथे प्रवास', 'इथे भांडणाचं कारण' एवढंच टाका.

बैठकीची रचनाही सांगते, कारण नेम मोडतो तो बहुधा रचनेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून टेबलावर ठेवलेला फोन पुरेसा दूर नसतो. पहिली दहा मिनिटं आदल्या दिवशीचं शेवटचं पान वाचा, फक्त शेवटचं. त्यात शुद्धलेखनाखेरीज काही बदलू नका. मग चाळीस मिनिटं पुढे लिहा. शेवटची पाच मिनिटं उद्यासाठी टाचण करा: कोण कुठे उभं आहे, आता कोण काय बोलणार आहे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगत असे की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं. अगदी कोरडं होईपर्यंत लिहून उठलं तर दुसऱ्या दिवशी बसायचं धाडस होत नाही. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी ९०० शब्दांचं ओझं घेऊ नका. चुकलेलं सोडून द्या आणि त्या दिवसाचे ३०० लिहा. वाईट दिवसांसाठी किमान मर्यादा १०० शब्दांची ठेवा. आजारपणात किंवा कामाच्या घाईतही १०० शब्द होतात, आणि कादंबरीतली माणसं अनोळखी होत नाहीत.

रोज रात्री एका कागदावर तारीख, मिनिटं आणि नवे शब्द मांडा. सुधारलेल्या जुन्या शब्दांचा रकाना वेगळा असू द्या, त्यांना नव्यांत मोजू नका. दोन आठवड्यांत चित्र इतकं स्पष्ट होतं की कुणाला विचारावं लागत नाही. (जाता जाता: फाइलच्या नावात तारीख घाला आणि दर आठवड्याला एक प्रत दुसरीकडे ठेवा. हस्तलिखित हरवल्यावर पुन्हा लिहायला बसलेल्या माणसाला कुठलाच सल्ला उपयोगी पडत नाही.)

आता गट. तो सोडू नका, पण त्याची रचना बदलायला हवी, आणि ती बदलायला कदाचित तुमच्या गटातले बाकीचेही आतुर असतील. आठ जणांचं गणित बघा. प्रत्येकाने दहा मिनिटं वाचलं आणि त्यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली तर २०० मिनिटं लागतात. सव्वातीन तासांहून जास्त. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, त्यामुळे पहिल्या तिघांवर भरभरून बोललं जातं आणि शेवटच्याला 'छान आहे' यावर परत पाठवलं जातं.

वाचून दाखवण्यातही एक फसवणूक आहे. चांगला आवाज सैल वाक्य झाकतो. विराम, हुंदका, गंमत हे सगळं वाचणारा स्वतः पुरवतो, आणि कागदावर ते असतंच असं नाही. उलट बुजऱ्या आवाजात उत्तम गद्य मरून जातं. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही, म्हणून तो कथेपेक्षा सादरीकरणावर बोलतो. मोठ्याने वाचायला हवं, पण ते एकटीने, घरी, वाक्यांची लय तपासण्यासाठी. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा वाक्य फार लांबलेलं असतं किंवा क्रियापद फार उशिरा आलेलं असतं.

चालणारी रचना अशी: चार ते सहा जण, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एक बैठक, एका बैठकीत दोनच हस्तलिखितं. प्रत्येकी २,५०० ते ३,००० शब्द. मजकूर निदान पाच दिवस आधी पाठवायचा, सगळ्यांनी घरी वाचून, समासात खुणा करून आणायचा. एका हस्तलिखिताला चाळीस मिनिटं. प्रत्येक जण पाळीपाळीने बोलतो, तोवर लेखकाने गप्प बसून टिपून घ्यायचं, शेवटी पाच मिनिटं फक्त त्याने प्रश्न विचारायचे. अमेरिकेत मिल्फर्ड या गावी १९५६ साली विज्ञानकथा लेखकांच्या कार्यशाळा सुरू झाल्या, तिथून ही पद्धत पसरली, म्हणून तिला मिल्फर्ड पद्धत म्हणतात. लेखकाने गप्प बसायचं कारण शिष्टाचार नाही. वाचकाला जे कळलं नाही ते लेखक तोंडी समजावून सांगतो, वाचक मान डोलावतो आणि चूक कागदावर तशीच राहते. पुस्तकासोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही.

बोलणाऱ्यांनीही क्रम पाळावा. आधी आपण काय वाचलं ते सांगावं: 'मला ही दोन बहिणींमधल्या मत्सराची गोष्ट वाटली.' लेखिकेला ती आईची गोष्ट लिहायची असेल तर त्या एका वाक्यातच तिला पुढचं सगळं कळतं. मग कुठे गुंतलो, कुठे सुटलो, ते पान क्रमांकासह. उपाय मात्र विचारल्याशिवाय सांगू नये, कारण उपाय सांगताना प्रत्येक जण आपलीच कादंबरी लिहायला लागतो.

आलेल्या प्रतिक्रियांचं काय करायचं, हे तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही सगळ्या पाळल्यात. पहिले तीन दिवस काहीही बदलू नका. त्यानंतर टिपणं उघडा आणि पान क्रमांकानुसार लावा, माणसांनुसार नको. पाचांपैकी तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय, त्यांनी सांगितलेली कारणं एकमेकांच्या विरुद्ध असली तरीही. एक म्हणतो इथे फार लांबलंय, दुसरी म्हणते घाई झाली. दोघांनाही त्या जागी कंटाळा आलाय. आणि दुखतं तिथेच कारण असेल असं नाही. शेवट अचानक वाटतो तेव्हा शेवटात दोष क्वचितच असतो. चौथ्या पानावर पेरायला हवं होतं ते पेरलेलं नसतं. उरल्या एकट्यादुकट्या सूचना. त्यांतली जी वाचताना 'हे मला माहीत होतं, मी टाळत होते' असं वाटेल ती ठेवा. बाकीच्या फाइलमध्ये राहू द्या. आभार मानून न पाळलेली सूचना म्हणजे अपमान नव्हे. सहा फेऱ्या करताना तुम्हाला बहुधा तसं वाटत होतं.

गटात हे कसं सांगायचं? स्पष्ट आणि मुदतीसह: 'पुढचे सात महिने मी कादंबरीतलं काही आणणार नाही, खर्डा पूर्ण करायचाय. महिन्यातून एकदा तुमचं वाचायला आणि बोलायला येईन.' नुसतं यायचं बंद केलं तर गैरसमज होतात. आणि दुसऱ्याचं हस्तलिखित नीट वाचणं ही लेखकाची फार मोठी तालीम आहे. छापील पुस्तकात चुका लपलेल्या असतात, कच्च्या खर्ड्यात उघड्या असतात. दुसऱ्याच्या तिसऱ्या पानावर जे खटकलं ते आपल्या तिसऱ्या पानावर शोधायची सवय लागते.

ज्यांना गटच नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. गट हवाच असं नाही. एक माणूस पुरतो. ज्याचं छापून आलेलं काही तुम्हाला खरोखर आवडलंय अशा, साधारण तुमच्याच टप्प्यावरच्या एखाद्या लेखकाला लिहा. नेमकं काय आवडलं ते सांगा आणि तीन महिन्यांसाठी, महिन्याला एकेक मजकूर अदलाबदल करायचा प्रस्ताव ठेवा. मुदत आधीच ठरलेली असली की न जमल्यास दोघांनाही सन्मानाने थांबता येतं. पहिल्यांदा कादंबरी देऊ नका, एक छोटी कथा द्या. त्याच्या समासातल्या खुणांवरून कळतं की हा वाचक तुम्हाला हवा तसा आहे की नाही.

चित्रकार, नाटकवाले मित्र यांच्या बैठका वेगळ्या. त्यांच्याकडे लिखाण दुरुस्त करायला जायचं नसतं, म्हणून तिथे तुमचं नुकसान होत नाही. त्या महिन्यातून एक-दोनवर आणा आणि जाताना कामाचे प्रश्न घेऊन जा. चित्र संपलं हे कसं ठरवतोस? तालमीत प्रसंग मेला तर आधी काय बदलतेस? नाटकवाल्यांना विशेषतः पात्राने रंगमंचावर का यावं आणि का जावं याचं पक्कं भान असतं. गद्य लिहिणाऱ्यांकडून हीच गोष्ट निसटते. प्रकाशनं आणि समारंभ मात्र मी सध्या निम्म्याहून कमी करेन. तिथे लेखक भेटतात, पण लेखनाबद्दल बोलणं क्वचितच होतं.

वाचन बंद करायचा विचार मला पटत नाही. वाचन थांबलं की काही आठवड्यांत आपल्या वाक्यांच्या चाली मोजक्याच उरतात आणि आपल्याला ते कळतही नाही. दुसऱ्याचा सूर उतरण्याची भीती खरी आहे, पण तो उतरतो तेव्हा दोन गोष्टी घडलेल्या असतात: एकाच लेखकाचं सलग बरंच वाचलेलं असतं, आणि लिहायला बसण्याच्या लगेच आधी वाचलेलं असतं. लिहून झाल्यावर वाचा. खर्डा चालू असेपर्यंत आपल्या कादंबरीच्या जवळ जाणारी पुस्तकं बाजूला ठेवा. कविता, पत्रं, चरित्रं, इतिहास, विज्ञान वाचा. आणि सूर उतरलाच तर उतरू द्या. दुसऱ्या खर्ड्यात तो सहज ऐकू येतो आणि काढता येतो.

पन्नास पानांचा नेम मोडा, असं मात्र मी सांगेन. पानं मोजायला लागलं की सोपी पुस्तकं निवडली जातात आणि अवघड पान दुसऱ्यांदा वाचलं जात नाही. त्याऐवजी आनंदासाठी जे हवं ते, हवं तितकं वाचा, आणि आठवड्यातून एक तास अभ्यासासाठी ठेवा. आवडलेल्या कादंबरीतला १,००० ते १,५०० शब्दांचा एकच प्रसंग घ्या आणि हाताने उतरवून काढा. डोळा ज्या गोष्टींवरून घसरतो त्या हाताला कळतात: परिच्छेद कुठे तुटला, संवादात 'तो म्हणाला' किती वेळा गाळलंय, काळ कुठल्या शब्दावर पुढे सरकला. मग प्रसंग केव्हा सुरू झाला ते पाहा. नवशिक्या लेखकापेक्षा तो बहुतेक वेळा बराच उशिरा सुरू होतो आणि बराच लवकर संपतो. शेवटी तीन ओळी लिहा: इथे काय केलंय, कसं केलंय, माझ्या कुठल्या प्रसंगात हे चालेल. वहीत दुसऱ्याचं वाक्य उतरवाल तेव्हा अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक न चुकता घाला. दोन वर्षांनी वही चाळताना ते वाक्य आपलंच वाटून कादंबरीत जाऊ शकतं, आणि ती नामुष्की टाळायला दोन चिन्हं पुरतात.

तुमच्या मैत्रिणीचं पुस्तक. मत्सर वाटला म्हणून स्वतःला वाईट ठरवू नका; त्यामागे तुम्हाला नेमकं काय हवंय ते मात्र नीट बघा. तिच्यासारखं आपलं नाव छापलेलं हवंय, लोकांचं लक्ष हवंय, की तिने पूर्ण केलं आणि आपलं राहिलं हे खुपतंय? तुमच्या पत्रावरून मला तिसरं वाटतं, आणि त्यावर तिच्याच मदतीने काम करता येईल. एखाद्या रविवारी, त्या दिवसाचे शब्द झाल्यावर, पुस्तक वाचायला घ्या. वाचून तिला लिहा आणि त्यात दोन नेमक्या जागा सांगा, पान क्रमांकासह. लेखकाला असं पत्र क्वचितच येतं. मग भेटा आणि प्रकाशक कसा मिळाला हे न विचारता विचारा की किती खर्डे झाले, मधल्या भागात कुठे अडकली होतीस, गटाने सांगितलेलं काय काय पाळलं नाहीस.

२८ आठवड्यांचे तीस-बत्तीस होतील, तेवढी सूट ठेवा. शेवटचं प्रकरण लिहून झाल्यावर चार ते सहा आठवडे खर्ड्याला हात लावू नका. त्या काळात एखादी छोटी कथा लिहा. नंतर पूर्ण मजकूर कागदावर छापून, तीन-चार बैठकांत, सुधारणा न करता वाचा. फक्त समासात तीन खुणा करा: कंटाळा आला, खोटं वाटलं, इथे आणखी हवं. मग 'दुसऱ्या खर्ड्यासाठी'ची वही उघडा. रजा घ्यायची ती या टप्प्यावर. दुसरा खर्डा झाल्यावर तीन वाचक निवडा: एक लिहिणारा, एक नुसता वाचणारा, आणि एक ज्याला कादंबरीतलं जग आतून माहीत आहे असा. तिघांना चार आठवड्यांची मुदत द्या आणि एकच विनंती करा, की जिथे वाचन थांबवून उठावंसं वाटलं त्या पानाची तारीख-वेळेसह नोंद करावी. तिघांची मतं वेगवेगळी घ्या. एकत्र बसवलं तर पहिला जे बोलेल तेच बाकीचे दोघे बोलतील.